फवारणीचें विष व धोत्र्याचा गुण

आमच्या समुद्रपूर तालुक्यांत पावसाळा मध्यावर आला कीं कापसाच्या शेतोशेतीं फवारणी चालू होते. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत अशाच फवारणींत विषबाधा होऊन विसांच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले. तेथील सर्व औषधें एका जातीचीं नव्हतीं. आम्ही येथें मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस इत्यादि एकाच जातीच्या विषाचा विचार करणार आहों.

मज्जातंतू हृदयास हुकूम कसा देतो? १९२१ सालीं ऑटो लोवी यांनीं बेडकाचें हृदय मिठाच्या पाण्यांत ठेवून त्याच्या मज्जातंतूस विजेचा धक्का दिला. ठोके मंदावले. तेंच पाणी दुसऱ्या हृदयास देतांच तेंही मंदावलें! म्हणजे मज्जातंतूंतून कांहीं रस पाण्यांत उतरला होता. तो रस ॲसिटिलकोलीन होय. या शोधाबद्दल लोवी व हेन्री डेल यांस १९३६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा रस पेशीवरील ज्या जागीं बसतो तिला ग्राही म्हणतात. कांहीं ग्राही तंबाखूंतील निकोटिनास, तर कांहीं एका विषारी अळंब्यांतील मस्करिनास ओ देतात. त्यावरून त्यांस नांवें पडलीं. मस्करिनी ग्राहींचे पांच प्रकार आहेत. दुसरा हृदयाची गति मंद करतो; तिसरा लाळ सोडवितो, डोळ्याची बाहुली आकुंचित करतो व श्वासनलिका आवळतो. काम होतांच एक विकर रसाचे तुकडे करतें, म्हणून हुकूम क्षणभरच टिकतो.

फवारणीचें विष या विकरासच निकामी करतें. मग रस सांचत जातो. घाम, लाळ, उलटी व जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती कफानें भरून श्वास कोंडतो.

यावर वैद्य अट्रोपीन टोंचतात. आपल्या बांधावरील धोत्र्यांत हेंच द्रव्य असतें. तें मस्करिनी ग्राहीवर ठाण मांडतें, पण हुकूम देत नाहीं. त्यामुळें कफ आटतो व हृदय सांवरतें. मात्र निकोटिनी ग्राहींवर त्याचा उपाय चालत नाहीं. तेथें स्नायू लुळे पडून कृत्रिम श्वासाची गरज लागते. म्हणून धोत्र्याचें बीं घरीं कधींही देऊं नये. त्यांतील मात्रा कोणासच कळत नाहीं, व तें स्वतःच भ्रम आणणारें विष आहे.

विद्यार्थिमित्रहो, फवारणीहून परतलेल्या वडिलांस दरदरून घाम सुटला, मळमळूं लागलें, तर ‘ऊन लागलें’ असें म्हणून त्यांस निजवूं नका. हातांस पिशवी बांधून त्यांचे कपडे उतरवा, अंग साबणानें धुवा, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन तत्काळ सरकारी दवाखाना गांठा. जरूर पडल्यास पुढें सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय आहेच. पालकांसही आमची विनंति आहे कीं, औषध कालविण्याच्या कामीं मुलांस लावूं नये.