घाव मुळावर हवा

वेडी बाभूळ नुसती तोडून मरत नाही. कच्छमधल्या बन्नीच्या कुरणात तोडलेल्या बुंध्यापाशी बसलं की ते लगेच कळतं. गुडघ्याच्या उंचीवर खोड कापलेलं असतं आणि त्याच्या बुडातून करंगळीएवढे जाड धुमारे चारी बाजूंनी फुटलेले असतात. एका झाडाची अशी काटेरी जाळी होते की आत हात घालायला जागा उरत नाही. त्यामुळे इथे कुरण मोकळं करायचं म्हणजे जमीन खणावी लागते.

काम पावसाच्या आधी उरकायचं असतं, कारण ओल्या झालेल्या खारट चिकणमातीत पाय रुततात. आधी खालच्या फांद्या छाटून बुंध्यापर्यंत वाट करायची. काटे चपलेच्या तळातून आरपार जातात, त्यामुळे प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. खोड आडवं झालं की बुडाभोवती कुदळीने आळं खणायचं, पहारीने माती सैल करायची आणि खोड जिथे मुळाला मिळतं ती जाड गाठ उघडी पाडायची. नवे कोंब फुटतात ते या गाठीतून. तिच्याखाली वीतभर उतरून मूळ तोडलं, तर उरलेलं सोटमूळ जमिनीतच वाळून जातं. घाव गाठीच्या चार बोटं वर बसला, तर पहिल्या पावसात झाड परत उभं राहतं. यंत्राने हेच काम झपाट्याने होतं, पण मातीही उलथीपालथी होते. काढलेल्या फांद्या वाया जात नाहीत. मोकळ्या केलेल्या तुकड्याला त्यांचंच कुंपण घालतात.

हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात ते एकोणिसाव्या शतकात आलं. बन्नीत मात्र ते सरकारी लागवडीतून पसरलं. कच्छच्या रणाचा खार कुरणात सरकू नये म्हणून वनखात्याने १९६०-६१च्या सुमारास रणाच्या कडेने सुमारे ३१ हजार हेक्टरांवर त्याची लागवड केली. साधारण अडीच हजार चौरस किलोमीटरच्या या सपाट प्रदेशात त्याला अडवणारं काहीच नव्हतं. पाऊस वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर, जमीन खारी. तरीही ते हिरवंगार राहिलं. इथले पशुपालक, म्हणजे मालधारी, त्याला गांडो बावळ म्हणतात.

त्याचा प्रसार कसा होतो ते गुरांच्या वाटेवर दिसतं. शेणाचा वाळलेला एक पो हाताने फोडला, तर आत कठीण टरफलातल्या तपकिरी बिया जशाच्या तशा निघाल्या. पिवळ्या शेंगा गोड असतात. उन्हाळ्यात गवत संपलं की गुरं त्यांच्यावर तुटून पडतात. गर पचतो, बी पचत नाही. पोटातून जाताना तिचं कवच मऊ होतं आणि ती शेणाच्या खतासकट नव्या जागी पडते. पूर्वी इथे कांकरेज गाईंचे मोठे कळप असत. या शेंगा जास्त खाल्ल्या तर गाईंना बाधतात, म्हशी त्या मानाने निभावून नेतात. गाई घटत गेल्या, म्हशी वाढल्या. रात्री आपापल्या चरून सकाळी घरी परतणाऱ्या या बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली.

आता याच झाडावर काही घरांची चूल पेटते. लाकूड रचून, वर गवत-मातीचा थर देऊन, आत मंद आच धुमसत ठेवून कोळसा पाडतात. कोळसा पाडणारा खोड वरून कापतो, कारण त्याला पुन्हा फूट हवी असते. गुरं राखणाऱ्याला मात्र मुळासकट सफाई हवी. कित्येकदा दोघे एकाच गावातले, कधी एकाच घरातले असतात. म्हणून कुठे झाड काढायचं आणि कुठे कोळशासाठी राखायचं, हे त्या गावानेच बसून ठरवायला हवं. २००६च्या वनहक्क कायद्याखाली बन्नीच्या गावांनी सामूहिक हक्कांचे दावे केले आहेत, त्यांचं मोल इथे कळतं.

मूळ काढलेल्या तुकड्यात पाऊस पडला की फरक डोळ्यांना दिसतो. दाट बाभळीखाली जमीन उघडी, काटक्यांनी भरलेली असते. कुंपणाच्या आत मारवेल आणि इतर देशी गवतं गुडघ्याला लागतात. त्या गवतात जवळ वाकून पाहिलं, तर दोन पानांवर आलेली बाभळीची रोपंही सापडतात. जुनं बी जमिनीत दबा धरून असतंच. ही रोपं दरवर्षी उपटावी लागतात, तेव्हा कुठे कुरण टिकतं. एकदा यंत्र फिरवून फोटो काढण्याजोगं हे काम नव्हे.

आपल्याकडेही वेडी बाभूळ गायरानांत शिरली आहे. पुण्याच्या टेकड्यांवर आपणच ग्लिरिसिडियाची झाडं लावली. माळरानाला पडीक म्हणायचं आणि झाडं लावून त्याचा उद्धार करायचा, ही सवय जुनी आहे. माळढोक, धाविक, चंडोल यांना मोकळं रान लागतं; मेंढपाळाला गवत लागतं. माळावरच्या गवताची मुळंही माती धरतात आणि पाणी मुरवतात. येत्या पावसाळ्यात कुणी वृक्षारोपणासाठी माळावर बोलावलं, तर आधी तिथे कोणतं गवत उगवतं आणि कोणाची गुरं चरतात ते विचारा. दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर तिथे खड्डे घेऊ नका.