यादीतले खडे

साताऱ्याचा पिनकोड ४१५००१, सांगलीचा ४१६४१६. दुसरा तर लक्षात ठेवायला इतका सोपा, की निकालपत्रके ठेवलेल्या एखाद्या शाळेच्या संगणकालाही तोच परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, दिलेला असायचा! असे सहज सुचणारे पासवर्ड अडवण्यासाठी, पूर्वी उघड झालेल्या पासवर्डांच्या याद्या वापरतात. २००९ साली रॉकयू या अमेरिकी कंपनीकडून तीन कोटींहून अधिक खात्यांचे पासवर्ड बाहेर पडले. त्यांत सर्वाधिक लोकांनी निवडलेला होता १२३४५६. नवा पासवर्ड अशा यादीशी ताडून पाहावा, अशी शिफारस अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्ये केली.

पण या याद्यांत खडेही असतात. पुष्कळ ठिकाणी पासवर्ड जसाच्या तसा न साठवता त्याचा ‘हॅश’ साठवतात. पासवर्डवर एक गणिती प्रक्रिया केली, की ठरावीक लांबीची चिन्हमाला मिळते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एमडी५ पद्धतीत ती ३२ चिन्हांची असते. ही पद्धत आता कच्ची मानतात, पण जुन्या याद्यांत तिचे हॅश भरपूर सापडतात. चिन्हे सोळाच : ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे. १२३४५६ चा हॅश ‘ई१०एडीसी३९’ असा सुरू होतो. हॅशवरून उलट मूळ शब्दाकडे जाता येत नाही. शब्दाचा अंदाज करायचा, त्याचा हॅश काढायचा आणि जुळतो का पाहायचे. ज्यांचा अंदाज लागला नाही असे हॅश, याद्या एकत्र करताना, शब्दांच्या गर्दीत शिरतात.

ते निवडायचे कसे? ‘फक्त ही सोळा चिन्हे असलेली प्रत्येक ओळ काढा’ असा नियम केला, तर आपले दोन्ही पिनकोड जातील, सगळे मोबाइल क्रमांकही जातील. मग ४१६४१६ हा पासवर्ड यादीत नाही म्हणून संगणक तो बिनदिक्कत स्वीकारील! म्हणून लांबीची अट हवी : नेमकी ३२ चिन्हे. (एसएचए-१ पद्धतीच्या हॅशसाठी ४०.)

तरीही एक पेच उरतो. कुणी ४१६४१६ पाच वेळा लिहून पुढे ४१ जोडले, तर ३२ चिन्हे भरतात. हा हॅश की पासवर्ड? अकरावी-बारावीच्या वर्गात जरूर घ्यावे असे हे गणित आहे. खऱ्या हॅशमध्ये एखाद्या जागी अक्षर न येता अंक येण्याची संभाव्यता १०/१६. बत्तीसही जागी अंकच येण्याची संभाव्यता याचा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ३४ लाखांत एक. तेव्हा निव्वळ अंकांची ओळ माणसाने लिहिली असे धरून ती यादीत राहू द्यावी. एक कोटी हॅशमागे सरासरी तीनच खडे त्यामुळे चुकून मागे राहतील.