पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर: एका नावाखाली किती जीव?

पावसाळ्यात जुहूच्या किंवा गिरगावच्या चौपाटीवर, भरतीचं पाणी जिथवर येऊन परततं त्या रेघेवर, कधीकधी निळ्या फुगीर पिशव्या पडलेल्या दिसतात. जेमतेम बोटाएवढ्या, आरपार दिसणाऱ्या, वरच्या कडेला जांभळट चुण्या. खालून एक गर्द निळा, मण्यांसारख्या गाठींचा धागा निघून वाळूवर वेटोळं घालून पडलेला असतो. पिशवी निरुपद्रवी, विष असतं ते त्या धाग्यात. वर्तमानपत्रं या प्राण्याला 'ब्लूबॉटल' म्हणतात. त्याच्या कुळाचं जगभर गाजलेलं नाव मात्र 'पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर'.

शिडांच्या काळात तोफा चढवलेल्या लढाऊ जहाजाला इंग्रज खलाशी 'मॅन ऑफ वॉर' म्हणत. लाटांवर तरंगणारी ही पिशवी आणि तिच्यावरची उभी चुणी पाहून त्यांना पोर्तुगिजांचं शीड उभारलेलं जहाज आठवलं. गंमत म्हणजे खुद्द पोर्तुगीज भाषेतही तिला 'काराव्हेला पोर्तुगेझा' म्हणतात. काराव्हेला म्हणजे पोर्तुगिजांचं चपळ, तिरक्या शिडाचं जहाज.

हे नाव केवळ दिसण्यावरून पडलं असलं तरी प्राणी खरोखरच शिडावर चालतो. त्याला पोहता येत नाही. पिशवीत हवा असते आणि तिच्यात त्याने स्वतःच्या शरीरात तयार केलेला कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला असतो. वरची चुणी वारा धरते आणि तीही तिरकी. काहींचं शीड डावीकडे कललेलं, काहींचं उजवीकडे. त्यामुळे एकाच वाऱ्यात काही एका बाजूला वाहतात, तर काही दुसऱ्या. सगळेच्या सगळे एकदम किनाऱ्यावर फेकले जाऊ नयेत, यासाठी ही विभागणी उपयोगी पडत असावी, असं मानलं जातं.

शास्त्रज्ञांच्या नजरेत शीड नव्हे, पिशवी भरली. 1758 मध्ये लिनियसने याला 'होलोथुरिया फायसॅलिस' म्हटलं. यातलं होलोथुरिया हे नाव आज समुद्रकाकडीकडे आहे. पुढे 1801 मध्ये लामार्कने 'फायसॅलिया' अशी स्वतंत्र प्रजाती केली. या नावाचं मूळ ग्रीक आहे, अर्थ फुगा किंवा बुडबुडा. आपल्या बाजारात येणारी रसभरी ज्या फुगीर, कागदी वेष्टनात असते, त्या वेष्टनामुळे तिच्या प्रजातीलाही 'फायसॅलिस' हेच नाव मिळालं. एक गोड फळ आणि एक जहाल विषारी जीव, दोघांची नावं एकाच शब्दातून आलेली!

पण खरं आश्चर्य पुढेच आहे. ही जेलीफिश नव्हे. जेलीफिश म्हणजे एक प्राणी. ही वसाहत आहे. एका फलित अंड्यातून सुरुवात होते, मग त्यालाच कळ्यांसारखे नवे जीव फुटत जातात, पण वेगळे होत नाहीत. त्यातले काही फक्त शिकार पकडतात, काही फक्त पचवतात, काही फक्त प्रजननाचं काम करतात. शिकार पकडणाऱ्याला पचवता येत नाही, पचवणाऱ्याला पकडता येत नाही. एकालाही सुटं जगता येत नाही. मग याला 'एक' म्हणायचं की 'अनेक'? अशा वेळी जहाजाचं नाव फार समर्पक वाटतं. प्रत्येकाचं काम ठरलेलं, गलबत मात्र एकच. फक्त हुकूम सोडणारा तांडेल कोणीच नाही.

शिकारीचे धागे मोठ्या फायसॅलियामध्ये 30 मीटरपर्यंत लांब होऊ शकतात. त्यांच्यावर असंख्य सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत गुंडाळलेली पोकळ, काटेरी नळी. स्पर्श होताच ती उलटून बाहेर झेपावते आणि मासळीच्या अंगात विष सोडते. मेलेल्या, वाळूवर सुकत चाललेल्या फायसॅलियाच्या कुप्याही उडू शकतात; म्हणून तिला उघड्या हाताने कधीही उचलू नये. डंख झालाच तर चोळू नये, धागे चिमट्याने काढावेत, समुद्राच्या पाण्याने धुवावं आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा. श्वास अडकू लागला किंवा चक्कर आली, तर थेट दवाखाना गाठावा.

या विषाने वैद्यकाला एक शब्दही दिला. 1901 मध्ये मोनॅकोचा राजपुत्र पहिला आल्बेर याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्त्ये फायसॅलियाच्या विषाचा अभ्यास करत होते. परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग चालू ठेवले. पहिली मात्रा सोसलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या किरकोळ मात्रेने मेला. विषाची सवय होण्याऐवजी शरीर उलट अतिसंवेदनशील झालं होतं. याला त्यांनी 'ॲनाफिलॅक्सिस' नाव दिलं. शेंगदाण्याने किंवा मधमाशीच्या डंखाने जीव धोक्यात येतो, तेव्हा डॉक्टर आजही हाच शब्द वापरतात. रिशेंना 1913 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

जगभरच्या समुद्रांत फायसॅलियाची एकच जात आहे, असं बराच काळ मानलं जाई. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने किमान चार जाती दाखवून दिल्या. पूर्वी सुचवलेली आणि पुढे मोडीत निघालेली नावं पुन्हा वापरात आली, एका जातीला नवं नाव द्यावं लागलं. या कामात लोकांनी ठिकठिकाणच्या किनाऱ्यांवर काढलेले हजारो फोटोही उपयोगी पडले. हात न लावता काढलेला एक स्पष्ट फोटो, तारीख आणि जागा यांची नोंद. या जीवाला ओळखण्याच्या कामी आपल्या किनाऱ्यावरून आपणही एवढी भर नक्कीच घालू शकतो.