रुंद वरंब्यामागचा हिशेब
‘शेतीत इंजिनीअरचं काय काम?’ या प्रश्नाचं उत्तर मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत दिसतं. रुंद वरंबा-सरी यंत्राने सोयाबीन पेरलं, की मुसळधार पावसाचं जादा पाणी सरीतून वाहून जातं. पावसाने ताण दिला, तर सरीत मुरलेली ओल पिकाला धरून ठेवते. सरीची खोली, जमिनीचा उतार, ट्रॅक्टरची ओढ हा सारा हिशेब कृषी अभियंत्याचा.

हे शिकवणारं बी.टेक. चार वर्षांचं. मृद-जलसंधारण, सिंचन, अवजारं, धान्यप्रक्रिया हे त्यातले मुख्य विषय. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) ते शिकता येतं. छत्रपती संभाजीनगरजवळ कांचनवाडीत १९८० पासूनची ‘वाल्मी’ ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था आहे. ती विद्यार्थ्यांनी एकदा तरी पाहावीच.