साडेसातीचा हिशेब

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशावरून सोसायट्यांच्या ग्रुपवर जो धुरळा उडालाय, त्यात आणखी मूठभर माती टाकायची हौस नाही. शाळा, रुग्णालयं, बस डेपो, रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं इथली भटकी कुत्री उचला, नसबंदी आणि लसीकरण करा, पण पुन्हा तिथेच आणून सोडू नका, हे आता पोराटोरांनाही पाठ आहे. कुत्रेवाले आणि कुत्रेविरोधी असे तट पडून झालेत. मला लिहायचंय ते दाराच्या आतल्या कुत्र्याबद्दल. घरातली माणसं एकापाठोपाठ एक आडवी होत असताना तेही सोफ्याखाली आडवं पडलेलं असतं, आणि त्याचं दुखणं कुणाच्याच खात्यात मांडलेलं नसतं.

डोंबिवली पूर्वेतलं ओळखीतलं एक घर. गणपतीच्या आधी आजी बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्या वॉकर धरून दोन पावलं टाकायला लागतात न लागतात तोच आजोबांना डेंग्यू. घटस्थापनेच्या सुमारास लाडू जेवेना. लाडू म्हणजे लॅब्रेडॉर. जेवत नाही म्हणजे काहीतरी गंभीरच. हिरड्या पांढऱ्याफटक, प्लेटलेट उतरलेल्या. गोचीड ताप. त्याला गाडीत घालायला सुनेने उचललं तर दुखऱ्या अंगाला हात लागला म्हणून तो तिच्याच मनगटाला चावला. दिवाळीच्या तोंडावर तीच सून जिना उतरताना पायरी चुकली आणि घोट्याला प्लास्टर घेऊन बसली.

आजींचं निदान तयार होतं: शनी. तो २९ मार्च २०२५ ला मीनेत शिरला, म्हणजे कुंभ, मीन आणि मेष या तिन्ही राशींना साडेसाती. घरात एक मीन आहे, झालं तर मग. शनिवारी तेल वाहून झालं, शिंगणापूरचा बेतही ठरला होता, वॉकरमुळे राहिला.

आता जरा कागद-पेन्सिल घेऊ. कुठल्याही दिवशी १२ पैकी ३ राशी साडेसातीत असतात, म्हणजे ढोबळमानाने चौथा हिस्सा लोक. चार माणसांच्या घरात एकालाही साडेसाती नसण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण असं चार वेळा केलं की येते ३२ टक्के. म्हणजे ६८ टक्के घरांत कुणी ना कुणी साडेसातीत असतंच, आज, उद्या, कायम. लाडूची रास धरली तर ७६ टक्के. निम्म्याहून जास्त घरांना लागू पडणारं कारण कुठल्याच एका घराचं कारण होऊ शकत नाही. आजींना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दिव्यात तेल घातलं.

दुखणी एकत्र येऊन कोसळतात तेव्हा त्यामागे कुणाचा तरी हात असणार, असं वाटणं ही काही आपल्याच पंचांगाची देणगी नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे उडते बॉम्ब लंडनवर पडत होते, तेव्हा लोकांची खात्री होती की काही मोहल्ले नेमके हेरले जाताहेत. आर. डी. क्लार्क नावाच्या विमा गणितज्ञाने दक्षिण लंडनच्या नकाशावर ५७६ सारखे चौकोन आखले आणि ५३७ बॉम्ब कुठे पडले ते मोजलं. २२९ चौकोनांत एकही नाही, २११ मध्ये एकेक, ९३ मध्ये दोन, ३५ मध्ये तीन, ७ मध्ये चार, आणि एका दुर्दैवी चौकोनात त्याहूनही जास्त. निव्वळ योगायोगाचं सूत्र जे आकडे देतं, त्याला हे जवळजवळ तंतोतंत जुळले. १९४६ साली छापलेलं ते टिपण जेमतेम पानभराचं आहे. योगायोग सारखा पसरत नाही, त्याचे पुंजके होतात, एवढंच त्यात आहे.

हेच सूत्र घराला लावून बघू. समजा एखाद्या घरात वर्षाला तीन मोठी दुखणी येतात, माणसांची आणि कुत्र्याची धरून, आणि ती कधीही येऊ शकतात. तिन्ही साठ दिवसांच्या आत येऊन आदळण्याची शक्यता सुमारे ७ टक्के. चारशे फ्लॅटच्या संकुलात अशी २८ घरं. प्रत्येक घराला वाटतं, आपल्यालाच का?

इथवर आलं की विज्ञानाचा लेख संपवायची पद्धत आहे: योगायोग आहे, घाबरू नका, पाणी उकळून प्या. माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. लंडनच्या एका चौकोनात पडलेला बॉम्ब दुसऱ्या चौकोनातल्या बॉम्बला बोलावत नव्हता. घरातली दुखणी मात्र एकमेकांना हाका मारतात.

जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, आणि मला ते खटकतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञ. नवरा रोनाल्ड ग्लेझर विषाणू आणि प्रतिकारशक्तीचा अभ्यासक. दोघांनी मिळून अनेक वर्षं एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला, मनावरचा ताण शरीरात नेमकं काय करतो? १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला त्यांचा प्रयोग इतका साधा आहे की हसू यावं. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ बायका घेतल्या. त्याच वयाच्या, तशाच उत्पन्नगटातल्या, पण असं ओझं नसलेल्या आणखी १३ घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली. मग जखमेचे फोटो काढत राहिले आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून पाहत राहिले. फेस यायचा थांबला की जखम भरली. ओझं नसलेल्या बायकांची जखम सरासरी ३९.३ दिवसांत भरली. सेवा करणाऱ्यांची ४८.७ दिवसांत. नऊ दिवसांहून जास्त फरक, आणि जखम तर ज्वारीच्या दाण्याएवढी.

तेरा बायकांवरून एवढं मोठं बोलावं का? बोलू नये, म्हणून त्यांनी पुढेही तपासलं. १९९८ साली दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर तशीच जखम करून पाहिली: एकदा सुट्टीत, एकदा परीक्षेच्या आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला ४० टक्के जास्त वेळ लागला. पुढे २००६ साली निकोलस क्रिस्टाकिस आणि पॉल ॲलिसन यांनी अमेरिकेतल्या ५ लाख १८ हजार वयस्क जोडप्यांच्या नोंदी चाळल्या. जोडीदार रुग्णालयात दाखल झाला की घरी राहिलेल्याच्या मृत्यूचा धोकाही वाढतो, आणि जोडीदाराचा आजार कुठला यावर तो किती वाढतो हे ठरतं. खुब्याचं हाड आणि स्मृतिभ्रंश हे त्यातले जड आजार.

आणि कुत्रा? केंट स्टेट विद्यापीठातल्या मेरी बेथ स्पिट्झनागेल यांनी २०१७ साली हाच प्रश्न विचारला. माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांवरचा भार मोजायची एक जुनी प्रश्नावली आहे, झॅरिट यांची. ती त्यांनी पाळीव प्राण्यांच्या मालकांना लावली. ज्यांचा प्राणी दीर्घकाळ आजारी आहे असे ११९ आणि ज्यांचा ठणठणीत आहे असे ११९. आजारी प्राण्याच्या मालकांवरचा भार, ताण आणि उदासी स्पष्टपणे जास्त निघाली. ‘कुत्र्यासाठी काय एवढं’ म्हणणाऱ्या सगळ्या आत्या-मावश्यांना हा निबंध छापून द्यावा असं फार वाटतं.

आता डोंबिवलीतल्या त्या घराकडे पुन्हा बघा. लाडूच्या मानेवर महिन्याच्या महिन्याला गोचीड-पिसवांचं औषध थेंब थेंब टाकायचं असतं. ते काम सुनेचं. आजींच्या ऑपरेशनच्या महिन्यात ते राहिलं. पावसाळा, गोचिडांचा सुगीचा काळ. आजोबांच्या तापात रात्री दर थोड्या वेळाने तापमान बघायला उठायचं कामही तिचंच, कारण डेंग्यूत ताप उतरताना खरी काळजी असते हे घरात तिला एकटीलाच माहीत होतं. कुत्रा चावला तर ‘घरचाच आहे, त्याला लस दिलेली आहे’ म्हणून तिने इंजेक्शन पुढे ढकललं, कारण तिला वेळ नव्हता. आणि जिन्यात पायरी चुकली ती कितव्या जागरणानंतर, ते तिलाही सांगता येत नाही. शनीला इतकं बारीक नियोजन जमत नाही.

त्या चावण्याबद्दल इथेच सांगतो, कारण या बाबतीत सुशिक्षित घरंही चुकतात. घरचा असो, लस दिलेला असो, कुत्र्याच्या दाताने कातडी फाटली की पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची ती लस घेता घेता. पालिकेच्या रुग्णालयात लस मोफत मिळते. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर.

त्या घरातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. फ्रिजच्या दारावर लग्नपत्रिकेच्या पाठीमागे तीन रकाने आखले होते: आजी, आजोबा, लाडू. लाडूच्या रकान्यात डॉक्सिसायक्लिन, २८ दिवस. हेच औषध माणसाला लेप्टोमध्येही देतात, पाकीटही तेच, पॉवरही तीच. आजींच्या गोळ्या शेजारच्याच डब्यात. एका रात्री लाडूची कॅप्सूल आजींच्या वाटीत गेली होती. आजींनीच रंग ओळखून परत केली. त्याहून धोकादायक उलटी चूक. कुत्रा कण्हतोय म्हणून घरातली आयब्युप्रोफेन दिली तर त्याच्या पोटात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडं जाऊ शकतात. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. आणि डॉक्सिसायक्लिन पनीरच्या तुकड्यात लपवून देऊ नये, दुधातल्या कॅल्शियममुळे औषध कमी लागू पडतं. पोळीच्या घासात द्यावी, वर पाणी पाजावं. डबे निराळ्या खोल्यांत ठेवावेत, एवढं तरी.

आजाराबरोबर भूगोलही येतो. ठाण्यापलीकडच्या माणसाला मोठं दुखणं आलं की तो अजूनही परळला जातो: केईएम १९२६ पासून, वाडिया १९२९ पासून, टाटा १९४१ पासून. आणि गंमत म्हणजे कुत्र्याचं मोठं दुखणंही परळलाच जातं. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा, तिथेच आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं, तेही दक्षिणेलाच. डोंबिवलीहून परळ सुमारे ४० किलोमीटर. आजींना लोकलने नेता येत नाही, लाडूला तर नाहीच. रिक्षावाला कुत्रं बघून मीटर झाकतो. मोठागाव-माणकोली पुलामुळे ठाणे जवळ आलं, हे खरं. पण ठाण्यात पोचून तरी काय? कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये २४ तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा मुरबाड-शहापूरपासूनचा सगळा भार एका इमारतीवर कसा येतो ते महाराष्ट्राने पाहिलं. ठाण्याच्या सिव्हिलच्या जागी ९०० खाटांचं नवं रुग्णालय उभं राहतंय. होईल तेव्हा होईल.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, चांगलं झालं. कुत्र्याचा विमाही बाजारात मिळतो. आपल्या विंगमध्ये किती जणांनी काढलाय ते विचारून बघा. खरी चणचण पैशाइतकीच रजेची आहे. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवस मिळतो, पगाराच्या ७० टक्के. पण तो स्वतः आजारी पडल्यावर. सासू पडली म्हणून घरी राहिलेल्या सुनेला त्यात काही नाही. थोडक्यात, घोटा मोडल्यावर व्यवस्थेला ती दिसू लागते, त्याआधी नाही.

त्या घराने शेवटी केलं ते असं. ब्युरोतून रात्रपाळीची मावशी ठेवली, महागात पडली तरी. पशुवैद्याला घरी बोलावलं, एका फेरीचे जास्त पैसे देऊन. मुलाने ऑफिसात आईचं आजारपण सांगून आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतलं. कुत्र्याचं सांगितलं नाही, हसतील म्हणून. सुनेची लस सुरू झाली. तिला रात्री सलग झोप मिळायला लागली ती प्लास्टर चढल्यावर, कारण तेव्हा कुठे तिला कुणी उठवेना.

कल्याण-डोंबिवली महापालिका २०२० पासून पाच वर्षं प्रशासकाच्या हाती होती. न्यायालयाच्या आदेशानंतर निवडणुकीच्या प्रत्येक जाहीरनाम्यात श्वान निर्बीजीकरण केंद्र येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मते मागायला दारात येतील त्यांच्याकडे मी आणखी एक मागणी करणार आहे: शास्त्रीनगर आणि रुक्मिणीबाईत रुग्णासोबतच्या माणसाला रात्री पाठ टेकायला एक खोली, पंखा आणि स्वच्छ संडास. खर्च फार नाही. एखाद्या चौकातल्या कारंज्याच्या पैशात होईल.