राणीच्या बागेतली सभा आणि दोन मराठी डॉक्टर

येत्या १५ सप्टेंबरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा वर्धापनदिन आहे. संस्थेचे नाव निघताच वाचकाच्या डोळ्यांपुढे सलीम अलींची कृश मूर्ती, धनेश पक्ष्याचे बोधचिन्ह आणि लायन गेटासमोरचे ‘हॉर्नबिल हाऊस’ ही तीन चित्रे आपोआप उभी राहतात, आणि ती इतकी सुपरिचित आहेत की त्यांची पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. परंतु १८८३ साली ज्या आठ गृहस्थांनी एकत्र जमून ही संस्था स्थापन केली त्यांपैकी दोघे मराठी होते, दोघेही डॉक्टर होते, आणि त्यांची नावे डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन अशी होती, ही गोष्ट मात्र गिरगाव-परळच्या जुन्या रहिवाशांनाही क्वचितच ठाऊक असते. आज लिहावयाचे आहे ते या दोघांविषयी, आणि त्यांच्या निमित्ताने, विद्येची संस्था जन्मास कशी येते व टिकते कशाच्या बळावर, याविषयी.

ही पहिली सभा भरली ती भायखळ्यास, राणीच्या बागेतील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये. घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती ज्या इमारतीच्या आवारात आज उभा आहे आणि लालबाग-परळची मुले ज्याच्यापुढे क्षणभर थबकल्याशिवाय पुढे जात नाहीत, तीच ही इमारत. १९७५ साली तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले तेव्हा त्याच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत भाऊ दाजी होते आणि आत्माराम पांडुरंगही होते. भाऊ दाजी १८७४ साली निवर्तले. त्यानंतर नऊ वर्षांनी त्यांचा हा सहाध्यायी, साठीला टेकलेला, ज्या वास्तूत निसर्गाभ्यासकांची नवी मंडळी स्थापण्यास आला, तिच्यावर पुढे त्याच्याच मित्राचे नाव लागावे, हा योगायोग मला फार हृद्य वाटतो.

आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे नाव प्रार्थना समाजाच्या इतिहासात सर्वांना भेटते. १८६७ साली तो समाज स्थापन झाला तेव्हा ते त्याचे अध्वर्यू होते, आणि आज गिरगावात बसमधून उतरताना ‘प्रार्थना समाज’ म्हणून आपण जो थांबा सांगतो, तो त्याच समाजाच्या नावाचा. १८७९ साली काही काळ ते मुंबईचे शेरीफही होते. धर्मसुधारणेचा ध्यास घेतलेला हा पुरुष कीटक, सर्प आणि पक्षी यांच्या अभ्यासमंडळात कसा आला, असे कोणास वाटेल. परंतु त्या पिढीच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. सृष्टीचे नियम प्रत्यक्ष पाहून समजून घ्यावेत, ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, ही जी वृत्ती त्यांनी वैद्यकात बाणवली, तीच घेऊन ते देवघरातही गेले आणि संग्रहालयातही गेले.

या घटनेचे मोल कळण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. मुंबईतली विद्वानांची सर्वांत जुनी सभा, म्हणजे आज टाउन हॉलमध्ये असलेली एशियाटिक सोसायटी, १८०४ साली स्थापन झाली. तिच्यात पहिला हिंदी सभासद, माणकजी करसेटजी, घेतला गेला तो १८४० साली, म्हणजे छत्तीस वर्षांनी, आणि तोही वादंगानंतर. निसर्गाभ्यासकांच्या या मंडळीत मात्र दोन एतद्देशीय संस्थापकांच्याच आसनावर बसले होते. दार उघडावे म्हणून त्यांना बाहेर तिष्ठावे लागले नाही, कारण दार बसविण्याच्या वेळीच ते उपस्थित होते.

या दोघांतही मला अधिक जवळचे वाटतात ते डॉ. सखाराम अर्जुन. १८३९ साली जन्मलेल्या या वैद्याने ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविले, आणि मुंबईत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची इंग्रजीत एक सूची करून ती १८७९ साली प्रसिद्ध केली. हे काम किती चिकाटीचे असते याची कल्पना आज औषधाच्या दुकानात छापील वेष्टन हाती घेणाऱ्याला येणार नाही. गांध्याच्या दुकानात एकाच मुळीला कोकणी गिऱ्हाईक एक नाव सांगतो, गुजराती दुसरे आणि घाटावरचा तिसरे. त्या साऱ्या नावांची वनस्पतीशी रुजवात घालावयाची, हीच मुळी ती वनस्पती आहे की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, याची खातरजमा करावयाची, आणि मगच ती शास्त्रीय नावाखाली नोंदवावयाची. असे काम करणाऱ्यास लॅटिन जितके यावे लागते तितकीच बाजारची बोलीही यावी लागते. शिवाय ग्रँट मेडिकल कॉलेजात त्या काळी काही वर्षे मराठी माध्यमाचा वर्गही चालत असे, आणि मराठीतून वैद्यक शिकणाऱ्यांच्या हाती पुस्तक असावे म्हणून ज्यांनी ग्रंथरचना केली त्यांत सखाराम अर्जुन अग्रभागी होते.

त्यांच्या घरातली एक गोष्ट मराठी वाचकाला दुसऱ्या वाटेने ठाऊक आहे. रखमाबाईंच्या विधवा मातोश्री जयंतीबाई यांच्याशी त्यांनी विवाह केला होता. रखमाबाई त्यांची सावत्र कन्या. बालपणी झालेला विवाह आपणांस बंधनकारक नाही, असे म्हणून सासरी जाण्यास नकार देणाऱ्या या मुलीवर पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला, आणि त्या खटल्याने सारा हिंदुस्थान ढवळून निघाला. ही तारीख ध्यानी घेतली म्हणजे एक गोष्ट लख्ख दिसते. निसर्गाभ्यासकांची मंडळी बाळसे धरीत होती त्याच सुमारास तिच्या एका संस्थापकाच्या घरावर समाजाचा रोष कोसळत होता, आणि तो गृहस्थ मुलीच्या पाठीशी उभा होता. १८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने पहिला निकाल दिला, तेव्हा सखाराम अर्जुन हयात नव्हते. त्याच वर्षी, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले होते. १८८६ च्या जानेवारीत मंडळीच्या जर्नलाचा पहिला अंक निघाला, तोही त्यांना पाहावयास मिळाला नाही. रखमाबाई मात्र लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेस त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. पित्याच्या विद्येचा वारसा असा चालला.

आता मंडळीच्या कारभाराकडे वळू. मूळ कल्पना डॉ. मॅकोनाकी यांची, असे पहिले मानद चिटणीस एटकेन यांनीच सांगितले आहे. उद्देश अगदी साधा होता: महिन्यातून एकदा जमावे, आपापली टिपणे एकमेकांस ऐकवावीत, मिळालेले नमुने दाखवावेत आणि परस्परांचा उत्साह वाढवावा. सरकारी सनद नाही, देणगीचा निधी नाही, पगारी नोकर नाही. स्वतः एटकेन साताऱ्यास जन्मलेले, जकात व मीठ खात्यातले अधिकारी. खाडीकाठच्या मिठागरांवर आणि नाक्यांवर फिरता फिरता त्यांनी जे पाहिले ते ‘एहा’ या टोपणनावाने इतक्या जिव्हाळ्याने लिहिले की आजही ते वाचताना कोकणातल्या पावसाळी संध्याकाळचा भास होतो.

तथापि कोट-फोर्टात दिवसभर कामकाज करणाऱ्या सभासदांना भायखळा दूर पडे, आणि नमुने ठेवावयास हक्काची जागा नव्हती. अशा वेळी, १८८४ च्या जानेवारीत, मद्याचे व्यापारी हर्बर्ट फिप्सन यांनी फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या पेढीतली एक खोली मंडळीला वापरावयास दिली. माझ्या मते संस्थेचा खरा पाया या खोलीत घातला गेला. १८८६ साली फिप्सन चिटणीस झाले ते १९०६ पर्यंत, आणि त्यांच्यामागून त्यांच्याच पेढीतील मिलार्ड यांनी १९२० पर्यंत ते काम सांभाळले. म्हणजे दोन माणसांनी, मानधनाची अपेक्षा न धरता, चौतीस वर्षे एका संस्थेचे दफ्तर वाहिले. पत्रे येत, त्यांना उत्तरे जात. खोकी येत, त्यांतील नमुन्यांवर चिठ्ठ्या लागत. जर्नलाचे अंक निघत. आरंभीच्या सभेतला उत्साह सर्वच संस्थांना लाभतो. चिठ्ठी लावण्याचे, वर्गणी नोंदण्याचे आणि पत्राला उत्तर धाडण्याचे व्रत घेणारा चिटणीस ज्यांना लाभतो त्याच संस्था जगतात.

या कचेरीचे वातावरण कसे होते हे समजावयाचे तर विल्यम या महाधनेश पक्ष्याची हकीकत सांगावी लागते. १८९४ साली कारवारहून तो अगदी पिल्लू असताना आला, आणि १९२० साली मरेपर्यंत, सव्वीस वर्षे, मंडळीच्या जागेतच राहिला. केळी व रानातली फळे तो खाई, तसेच उंदीर आणि विंचूही. पाणी मात्र पीत नसे. वाढून सव्वाचार फूट लांबीचा झालेला हा पक्षी तीस फुटांवरून फेकलेला टेनिसचा चेंडू आपल्या प्रचंड चोचीत अचूक झेलीत असे. आजचे बोधचिन्ह त्याचेच आहे. जिवंत प्राणी जिथे चिटणीसाच्या खुर्चीमागे नांदतो, तिथे शास्त्र हे कपाटात कोंडलेले राहत नाही.

याच कचेरीत १९०८ च्या सुमारास खेतवाडीतला एक मुलगा हातात मेलेली चिमणी घेऊन आला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, आणि ती कोणती, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते. मामांनी, म्हणजे अमिरुद्दीन तय्यबजींनी, त्याला मिलार्डसाहेबांकडे धाडले होते. मिलार्डनी ती पीतकंठी चिमणी ओळखली, इतकेच करून ते थांबले नाहीत. त्यांनी त्या मुलापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे एकामागून एक खण उघडले, आणि एहांचे मुंबईच्या पक्ष्यांवरचे पुस्तक वाचावयास दिले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. सलीम अलींच्या प्रतिभेचे श्रेय कोणत्याही संस्थेला घेता यावयाचे नाही. परंतु त्या दिवशी खण उघडणारा माणूस जागेवर होता, खणांत चिठ्ठ्या लावलेले पक्षी होते, आणि गिरगावातल्या मुलाला तिथवर जाता येत होते. याचे श्रेय निःसंशय आरंभीच्या कारभाराचे आहे.

एवढे सारे सांगून झाल्यावर एक सल उरतो, आणि तो झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. या संस्थेच्या पस्तीस वर्षे आधी, १८४८ साली, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, आणि तिची मराठी शाखा म्हणून उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा त्याच वर्षी उभी राहिली. तिचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग, म्हणजे आत्मारामांचे थोरले बंधू. सभेत मराठीतून निबंध वाचले जात. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले आणि त्यातून भूगोल, रसायन, ज्योतिष, आरोग्य असे विषय घरोघरी पोहोचले. ते मासिक १८६७ साली बंद पडले. दादोबा १८८२ साली निवर्तले, आणि पुढच्याच वर्षी धाकट्या भावाने राणीच्या बागेतल्या सभेत आपले नाव घातले. एका घरातल्या दोन भावांनी विद्येच्या दोन मंडळ्या उभारण्यास हात लावला. थोरल्याच्या मंडळीजवळ भाषा होती, पण नमुने जपणारे घर आणि पिढ्यान् पिढ्या चालणारे दफ्तर नव्हते. धाकट्याच्या मंडळीला घर आणि दफ्तर लाभले, पण तिचे जर्नल पहिल्या अंकापासून इंग्रजीच राहिले. मुंबईच्या शास्त्रीय जीवनातला दुभंग मला या दोन भावांच्या गोष्टीत दिसतो.

तो सांधण्याचा प्रयत्न झालाच नाही असे मात्र नाही. २४ एप्रिल १९६६ रोजी म. ना. गोगटे यांच्या पुढाकाराने मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिची पत्रिका निघाली, अधिवेशने गावोगाव भरू लागली, आणि चुनाभट्टीला तिचे स्वतःचे विज्ञान भवन उभे राहिले. १९७४ साली तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या कथेला पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, हे नंतर उघड झाले. जगन्मान्य शास्त्रज्ञाने आपले नाव बाजूस ठेवून मराठी परीक्षकांपुढे सामान्य स्पर्धक म्हणून उभे राहावे, यात त्या भाषेविषयीचा केवढा आदर आहे! २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, आणि पाठोपाठ जूनमध्ये मारुती चितमपल्ली गेले, ज्यांनी रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडची पक्ष्यांची नावे आयुष्यभर वेचून ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. बाजारातल्या मुळ्यांची नावे जुळविणाऱ्या सखाराम अर्जुनांचेच काम चितमपल्लींनी शंभर वर्षांनी रानात पुढे नेले.

म्हणून माझे मागणे असे आहे. २०३३ साली सोसायटीला दीडशे वर्षे पूर्ण होतील. तोवर तिच्या संग्रहातील आपल्या प्रदेशातल्या प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर, लॅटिन नावाखाली, त्या जीवाचे मराठी नाव लिहिले जावे, आणि जिथे कोकणात, देशावर व विदर्भात वेगवेगळी नावे आहेत तिथे ती सर्व लिहिली जावीत. हे काम सोसायटी आणि परिषद यांनी मिळून करावे. एकीचे घर आणि दुसरीची भाषा त्या चिठ्ठीवर एकत्र येतील. संस्थापकांची यादी जिथे जिथे छापली जाते तिथे आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन ही नावे बहुधा शेवटी येतात. मराठी शाळेच्या पुस्तकात हा धडा कधी लिहिला गेला, तर त्याची सुरुवात या दोन नावांनी व्हावी.