रस्ता संपतो तेथे व्हेनिस सुरू होते

इटलीच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हेनिस या ऐतिहासिक शहरात मोटारीने जाता येते, ते केवळ उंबरठ्यापर्यंत. पियाझाले रोमा या चौकात रस्ता संपतो. तेथून पुढे मोटार किंवा दुचाकीला प्रवेश नाही. सायकल चालविण्यासही मनाई आहे. शंभराहून अधिक लहान बेटे आणि त्यांना जोडणारे चारशेहून अधिक पूल अशी रचना असलेल्या या शहरात पायी चालणे अथवा जलमार्गाने जाणे, एवढेच पर्याय आहेत.

शतकानुशतके व्हेनिसला पोहोचण्याचा मार्गही पाण्यातूनच होता. ऑस्ट्रियाच्या अमलाखाली १८४६ मध्ये खाडीवर रेल्वेचा पूल झाला आणि हे शहर प्रथमच मुख्य भूमीशी जोडले गेले. मोटारींचा पूल त्यानंतर जवळजवळ नऊ दशकांनी, १९३३ मध्ये खुला झाला. आजही रेल्वे हाच सर्वांत सोयीचा मार्ग होय. मात्र नवख्या प्रवाशाची एका ठिकाणी हमखास गफलत होते. ‘व्हेनिस मेस्त्रे’ हे स्थानक मुख्य भूमीवरील मेस्त्रे या उपनगराचे आहे. जुन्या शहरात जावयाचे असल्यास पूल ओलांडून पुढे, सांता लुचिया या अखेरच्या स्थानकावर उतरावे लागते. स्थानकाच्या पायऱ्या उतरताच समोर थेट ग्रँड कॅनॉल हा मुख्य कालवा दिसतो. मार्को पोलो विमानतळावर उतरणाऱ्यांना पियाझाले रोमापर्यंत बस मिळते किंवा खाडीतून बोटीने शहरात येता येते.

शहरातील ‘बस’ म्हणजे वापोरेत्तो ही सार्वजनिक बोट. क्रमांक एकची बोट ग्रँड कॅनॉलच्या दोन्ही काठांवरील बहुतेक थांबे घेत संथपणे सेंट मार्क चौकाकडे आणि पुढे लिडो बेटाकडे जाते. क्रमांक दोनची बोट कमी थांबे घेते. पर्यटकांना ७५ मिनिटांच्या तिकिटासाठी २०२४ मध्ये साडेनऊ युरो मोजावे लागत होते. रहिवाशांचे भाडे त्याच्या काही अंशाने असते. त्यामुळे दिवसभर हिंडावयाचे असेल, तर पर्यटकाला दैनिक पास घेणेच परवडते. गोंडोलाची सहल ही चैनीची बाब. परंतु केवळ कालवा ओलांडायचा असल्यास ठराविक धक्क्यांवरून ‘त्रागेत्तो’ ही साधी सामायिक होडी अल्प दरात पलीकडे नेते. ग्रँड कॅनॉलवर अवघे चारच पूल असल्याने ती सोय मोठीच म्हणावी लागेल.

पायी फिरणे रम्य असले तरी सर्वांना सारखे सोपे नाही. बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. चाकांची बॅग घेऊन आलेल्या प्रवाशाला त्याची जाणीव पहिल्याच पुलावर होते. वृद्धांचे आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींचे हाल तर विचारू नयेत. २००८ मध्ये खुला झालेला, पियाझाले रोमाला रेल्वेस्थानकाच्या बाजूशी जोडणारा आधुनिक पूलही पायऱ्यांचाच आहे. त्यास पुढे जोडलेला अपंगांसाठीचा पाळणा चालेना, म्हणून २०२० मध्ये काढून टाकण्यात आला. अशा प्रवाशांना वापोरेत्तोचाच खरा आधार आहे.

हाच आधार रहिवाशांनाही हवा असतो. शाळेत जाणारी मुले, कामावर निघालेली माणसे आणि सामानासह आलेले पर्यटक एकाच बोटीच्या रांगेत उभे असतात. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, कचरा आणि दुकानांचा मालही पाण्यावरूनच फिरतो, आणि यंत्रचालित बोटींच्या लाटांनी जुन्या इमारतींचे पाये झिजतात. जुन्या शहराची लोकसंख्या १९५० च्या दशकाच्या आरंभी पावणेदोन लाखांच्या घरात होती. २०२२ मध्ये ती ५० हजारांखाली आली. मोठ्या प्रवासी जहाजांना २०२१ पासून शहराच्या मध्यवर्ती जलमार्गातून जाण्यास बंदी आहे. २०२४ मध्ये काही निवडक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांवर पाच युरोंचे प्रवेश शुल्क बसविण्यात आले. २०२५ मध्ये ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी ते दहा युरो झाले. शहरात मुक्काम करणाऱ्यांना हे शुल्क द्यावे लागत नाही, मात्र सवलतीची नोंदणी करावी लागते. गर्दी याने कितपत ओसरेल, याविषयी स्थानिकांमध्येच मतभेद आहेत.

शरद आणि हिवाळ्यात प्रवास करणाऱ्यांनी भरतीचाही अंदाज घ्यावा. पाणी फार चढले की पुलांखालून बोटी जाऊ शकत नाहीत आणि त्यांचे मार्ग बदलतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये पाण्याची पातळी १८७ सेंटिमीटरवर गेली होती. ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या मुखाशी बसविलेली ७८ पोलादी दारे मोठ्या भरतीच्या वेळी उचलली जातात. मात्र त्याहून कमी भरतीतही सखल भागातील सेंट मार्क चौकात पाणी साचू शकते. तेव्हा तेथे उंच फळ्यांवरून चालत जावे लागते.